अडेनियम घरी नेताना

तुम्ही आज नेताय ते झाड फार चिवट आहे. तरीही दर पावसाळ्यात काही जण कुजलेलं अडेनियम घेऊन आमच्या रोपवाटिकेत येतात, आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं: मायेनं रोज घातलेलं पाणी. म्हणून हा कागद.

याला ‘डेझर्ट रोज’ म्हणत असले तरी हे गुलाबाचं नातलग नव्हे. कण्हेर, चाफा, तगर, सदाफुली यांच्या कुळातलं हे झुडूप. याचं घर म्हणजे सहाराच्या दक्षिणेचा कोरडा पट्टा, पूर्व आफ्रिका आणि येमेन-ओमानचे खडकाळ उतार. सोकोत्रा बेटावर तर कातळाच्या भेगांत रुजलेली, माणसाहून उंच आणि पिंपासारख्या बुंध्याची अडेनियम आहेत. तिथे महिनोन्‌महिने पाऊस नसतो. मिळालेलं पाणी झाड बुंध्यात साठवतं, टंचाई आली की पानं गाळतं आणि पुष्कळदा तशा निष्पर्ण फांद्यांवरच फुलतं. तेव्हा थंडीत पानं पिवळी पडून गळली तर घाबरू नका. झाड विसावलंय. त्या काळात दोन-तीन आठवड्यांतून एकदा थोडं पाणी पुरे. पारा १० अंशांच्या खाली जात असेल तर कुंडी आडोशाला घ्या.

एरवी पाणी द्यायचं की नाही, हे बुंध्यालाच विचारा. अंगठ्यानं दाबून बघा. टणक असेल तर थांबा. माती कोरडी आणि बुंधा सगळीकडून किंचित मऊ असेल तर तहान लागली आहे, भरपूर पाणी द्या. माती ओली असून एकाच जागी मऊ लागलं तर ती कूज. झाड लगेच उपटा, स्वच्छ सुरीनं पांढरा निरोगी गर लागेपर्यंत कापा, बुरशीनाशक लावा आणि जखम सुकेपर्यंत काही दिवस सावलीत, मातीबाहेर ठेवा.

निम्मी जाडसर वाळू किंवा विटांचा चुरा, बाकी कोकोपीट आणि मुरलेलं शेणखत, असं मिश्रण आम्ही वापरतो. कुंडीखाली ताटली नको. कोकणातल्या ग्राहकांनी पावसाळाभर कुंडी पत्र्याखाली, पण उजेडात ठेवावी. ऊन मात्र रोज पाच-सहा तास थेट हवं, नाहीतर पानंच येतील, कळ्या नाहीत.

कलमी झाड असेल तर जोडाच्या खालून फुटणारे धुमारे काढत राहा, नाहीतर खुंटच, म्हणजे कलम ज्यावर बांधलं ते खालचं रोप, वरचढ होतो.

कधी शिंगांसारखी जोडशेंग धरली तर तिला दोरा गुंडाळा. बियांच्या दोन्ही टोकांना रेशमी केसांचे झुबके असतात, शेंग तडकली की वाऱ्यावर उडून जातात. पेरून बघा. फूल आईसारखंच येईल असं नाही, पण जाडजूड बुंधा खरा धरतो तो बियांच्या रोपालाच.

आणि हे घरात सगळ्यांना सांगा: याचा चीक विषारी आहे, हृदयावर परिणाम करतो. आफ्रिकेतले शिकारी तो बाणांना लावत आले आहेत. छाटणी हातमोजे घालूनच करा, आणि लहान मुलं, कुत्री-मांजरं पोचणार नाहीत अशा जागी कुंडी ठेवा.