थकीत व्याजाचं कर्ज झालं, तर आयकरात वजावट कधी मिळते?

धंद्याच्या कर्जाचं व्याज थकलं की बँक कधी कधी त्या व्याजाचंच वेगळं कर्ज बांधून देते. बँकवाले त्याला एफआयटीएल (फंडेड इंटरेस्ट टर्म लोन) म्हणतात. २०२० च्या मोरॅटोरियममध्ये, म्हणजे कर्जफेड लांबवण्याच्या सवलतीत, कॅश क्रेडिटचं (खेळत्या भांडवलाच्या कर्जाचं) मार्च ते ऑगस्टचं व्याज असं वळवायला रिझर्व्ह बँकेनेच मुभा दिली होती. उताऱ्यावर जुनं व्याज फिटलेलं दिसतं आणि ते सगळं खर्चात धरलं जातं. इथेच फसगत होते.

आयकर कायदा, १९६१ च्या कलम ४३ब प्रमाणे बँका, वित्तीय संस्था आणि ठरावीक एनबीएफसी (बँक नसलेल्या वित्त कंपन्या) यांचं व्याज प्रत्यक्ष भरल्यावरच वजा होतं, हिशेब मर्कंटाइल पद्धतीचा (पैसे देण्याआधीच, देणं झालं की खर्च धरण्याचा) असला तरीही. व्याजाचं कर्जात रूपांतर म्हणजे भरणा नव्हे, हे २००६ च्या वित्त कायद्याने पूर्वलक्षी प्रभावाने स्पष्ट केलं. खिशातून दमडी गेली नाही, देण्याचं फक्त नाव बदललं. व्याजापोटी डिबेंचर (कर्जरोखे) दिल्यास तो भरणाच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं होतं. २०२२ च्या वित्त कायद्याने तीही वाट बंद केली.

वजावट मात्र बुडत नाही, पुढे जाते. समजा, सहा लाखांचं व्याज कर्जात वळलं आणि पुढच्या वर्षी त्यातले दोन लाख फेडले, तर त्या वर्षी दोन लाखांची वजावट मिळते. प्रत्यक्ष कर मंडळाचं २००६ चं परिपत्रक क्रमांक ७ हेच सांगतं. गोम अशी, की बँकेच्या दाखल्यात हे दोन लाख ‘मुद्दल’ म्हणून येतात. मुद्दल म्हणून सोडून दिले, तर हक्काची वजावट आपणच गमावतो. नव्या कर्जावरचं व्याज भरलं असेल, तर तेही धरायचं.

म्हणून कागद जपा: एफआयटीएलचं मंजुरीपत्र (कोणत्या काळाचं किती व्याज वळवलं, हे त्यात हवंच), दोन्ही कर्जखात्यांचे उतारे, व्याजाचा दाखला आणि ज्या वर्षी वजावट नाकारली त्या वर्षीचं विवरणपत्र. हे शेवटचं नसेल, तर तीच रक्कम दोनदा वजा केल्याचा संशय येतो.

ऑडिट असेल तर सीए ही रक्कम कर-ऑडिटच्या फॉर्म ३सीडीच्या २६ व्या कलमात दाखवतात. आयटीआर-३ मध्ये (धंदा करणाऱ्या व्यक्तीच्या विवरणपत्रात) ‘इतर माहिती’च्या भागात यंदा नाकारलेली आणि पूर्वी नाकारून यंदा मिळणारी रक्कम, असे वेगळे रकाने आहेत. वर्षाअखेर थकलेलं व्याज विवरणपत्राच्या मूळ मुदतीपूर्वी रोख किंवा चेकने भरलं, तर त्याच वर्षी चालतं. भरल्याची पावती तेवढी सोबत ठेवा. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत.