व्हिनेगर की तुरटी? धागा रंगवताना होणारी गल्लत

घरी धागा रंगवायचा म्हटलं की एक जण सांगतो, "रंग पक्का व्हायला व्हिनेगर घाल." दुसरा म्हणतो, "तुरटी घाल." दोन्ही वस्तू घरात असतात, दोन्ही पाण्यात मिसळल्या की दिसेनाशा होतात. त्यामुळे एक नसेल तर दुसरी चालेल असं सर्रास धरलं जातं. व्हिनेगर घालून उकळलेली कांद्याच्या सालांची लोकर महिन्याभरात विटली की दोष सालांवर जातो. खरं तर तिथे व्हिनेगरचं कामच नव्हतं.

व्हिनेगरचं खरं काम खायच्या रंगासोबत असतं. बाटलीतले किंवा पुडीतले कृत्रिम खायचे रंग, म्हणजे टार्ट्राझीन या पिवळ्या रंगासारखे, पाण्यात ऋणभारित होतात. लोकर आणि रेशीम हे प्राणिज, प्रथिनांचे धागे. पाणी आंबट झालं की या प्रथिनांवर धनभार येतो आणि रंग त्यांच्याकडे ओढला जातो. व्हिनेगर एवढंच करतं: पाण्याची आम्लता वाढवतं. ते रंगात बसत नाही, धाग्यातही राहत नाही, शेवटच्या धुण्यात निघून जातं. म्हणूनच त्याच्या जागी सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, तितकंच चांगलं चालतं, आणि घरभर वास सुटत नाही हा वरचा फायदा.

हे होताना बघण्यासारखं असतं. लोकर आधी तासभर साध्या पाण्यात भिजवून ठेवायची, मग रंगाच्या पाण्यात घालून आच हळूहळू वाढवायची. पाण्याला उकळी फुटू द्यायची नाही, नुसती वाफ येत राहिली पाहिजे. अर्ध्या तासाने चमच्यात थोडं पाणी घेऊन बघा: मघाशी गडद लाल असलेलं पाणी जवळजवळ स्वच्छ झालेलं असतं. रंग सगळा लोकरीत गेला. गेला नसेल तर आणखी चमचाभर व्हिनेगर घालून थोडा वेळ थांबायचं. जांभळा मात्र हमखास फसवतो. तो लाल आणि निळा मिसळून केलेला असेल तर लाल आधी धरतो आणि निळा मागे रेंगाळतो, मग लडीवर एकीकडे गुलाबी आणि दुसरीकडे निळे पट्टे उमटतात. काही जणांना हेच हवं असतं, आणि मला तरी ते एकसारख्या जांभळ्यापेक्षा बरं दिसतं.

आता तुरटी. कांद्याच्या सालांसारख्या बऱ्याचशा वनस्पतींच्या रंगांना धाग्याशी स्वतःहून घट्ट बांधून घेता येत नाही. तुरटीतलं ॲल्युमिनियम एका बाजूने धाग्याला आणि दुसऱ्या बाजूने रंगाच्या रेणूला धरतं, मधल्या दुव्यासारखं. हा दुवा धाग्यात कायमचा राहतो. यालाच रंगबंधक म्हणतात. व्हिनेगरमध्ये असा कोणताही धातू नाही, म्हणून ते कितीही ओतलं तरी हे काम होणार नाही. उलट दिशेने मात्र थोडी सूट आहे: तुरटीचं पाणी स्वतःच आंबट असतं, त्यामुळे खायच्या रंगात तुरटी पडली तर लोकर थोडीफार रंगते. गल्लत टिकून राहण्याचं एक कारण बहुतेक हेच असावं.

वेळही वेगळी. व्हिनेगर रंगाच्याच पातेल्यात जातं. तुरटी शक्यतो आधी, वेगळ्या पाण्यात द्यायची. 100 ग्रॅम कोरड्या लोकरीला 10 ते 15 ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून, भिजलेली लोकर त्यात घालून तासभर मंद आचेवर ठेवायची आणि त्याच पाण्यात गार होऊ द्यायची. अंदाजाने मूठभर टाकू नका, वजन करा. तुरटी जास्त झाली की लोकर चिकट आणि खरखरीत लागते. मग रंगाचं पाणी: वजनाने लोकरीइतकीच कांद्याची सालं उकळून, गाळून घ्यायची. एकाच पातेल्यात एक लड तुरटी दिलेली आणि एक न दिलेली टाकली तर फरक डोळ्यांनी दिसतो. पहिली सोनेरी-केशरी होते, दुसरी फिकट, मळकट तपकिरी. आणि इथे पातेल्यातलं पाणी स्वच्छ होण्याची वाट बघू नका, ते शेवटपर्यंत रंगीतच राहतं.

सुती धाग्यात प्रथिनं नसतात, तो सेल्युलोजचा असतो. व्हिनेगर आणि खायचा रंग त्याच्यावर जवळपास निरुपयोगी, पहिल्या धुण्यातच बराचसा रंग पाण्यात. तुरटीही सुतावर एकटी नीट बसत नाही. आधी हिरडा किंवा डाळिंबाच्या सालीसारखं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, असलेलं काहीतरी द्यावं लागतं, मग तुरटी, मग रंग. ॲक्रेलिकवर यातलं काहीच चालत नाही. नायलॉन मात्र खायचा रंग लोकरीसारखाच धरतो.

सगळ्यात जास्त फसगत लाल कोबीत होते. त्याच्या जांभळ्या पाण्यात व्हिनेगर घातलं की ते चटकन गुलाबी होतं आणि रंग "उठला" असं वाटतं. तो फक्त आम्लामुळे बदलला, धाग्याला धरला नाही. साबणाच्या पाण्यात तोच निळसर-हिरवट होईल आणि उजेडात फिका पडेल. बीटचंही तेच, त्याचा रंग तर उकळतानाच मोडायला लागतो. हळद सुताला आणि लोकरीला व्हिनेगर-तुरटी दोन्हींशिवाय लगेच धरते, पण उन्हात विटते आणि तुरटीनेही ते फारसं थांबत नाही. कपड्यांच्या साबणाने हळदीचा धागा लालसर झाला तर तो व्हिनेगरच्या पाण्यात बुडवला की पुन्हा पिवळा होतो. व्हिनेगर इथे रंग परत आणतं, टिकवत नाही. मिठाचंही नाव या यादीत नेहमी येतं. सुती कापडाच्या काही कृत्रिम रंगांना मीठ लागतं हे खरं, पण कांद्याच्या सालांना त्याचा काही उपयोग नाही.

भांड्यांचा नियमही दोघांना वेगळा. खायचा रंग आणि व्हिनेगर यांचं स्टीलचं पातेलं घासून पुन्हा स्वयंपाकाला घेता येतं. तुरटीसाठी मात्र पातेलं आणि ढवळायचा दांडा कायमचा बाजूला काढून ठेवा. तुरटीचं उरलेलं पाणी लगेच ओतू नका: त्यात थोडी तुरटी शिल्लक असते, पुढच्या लडीला नेहमीच्या निम्मीच नव्याने घातली तरी भागतं.