चित्रपटगृहातील आवाजाची पातळी : ८५ डेसिबलचा संकेत कसा ठरला आणि कसा मोडला

चित्रपटगृहात पार्श्वसंगीत आणि स्फोट कानठळ्या बसवतात आणि नेमके संवादच ऐकू येत नाहीत, ही तक्रार आज अनेक देशांतले प्रेक्षक करतात. २०१४ साली ‘इंटरस्टेलर’ प्रदर्शित झाला, तेव्हा अमेरिकेतील एका चित्रपटगृहाला ‘आमची यंत्रणा व्यवस्थित चालू आहे, संगीतावरचा भर दिग्दर्शकानेच मुद्दाम ठेवला आहे’ अशा आशयाची सूचना प्रेक्षकांसाठी लावावी लागली होती. अशा वेळी दोष कधी दिग्दर्शकाच्या, तर कधी ऑपरेटरच्या माथी मारला जातो. या दुखण्याचे मूळ मात्र त्या दोघांच्याही मागे जाते. ध्वनिमिश्रण करणारा तंत्रज्ञ ज्या पातळीवर चित्रपट ऐकतो, त्याच पातळीवर तो प्रेक्षकाला ऐकवायचा, हा संकेत बऱ्याच खटपटीनंतर रुजला होता आणि डिजिटल ध्वनी आल्यावर तो पाहता पाहता ढासळला.

बोलपटाच्या आरंभी असा काही संकेतच नव्हता. अमेरिकेत चित्रपटाबरोबर एक तक्ता पाठवला जाई आणि कोणत्या प्रसंगी आवाज किती चढवायचा वा उतरवायचा, हे प्रोजेक्शनच्या खोलीतील माणूस तो पाहून हाताने करत असे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ झळकला, त्या सुमारास जगभरच्या चित्रपटगृहांत वेगवेगळ्या कंपन्यांचे भोंगे आणि ॲम्प्लिफायर बसत होते आणि एकच प्रिंट दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी वाजत असे. त्यावर तोडगा म्हणून हॉलिवूडच्या ॲकॅडमीने १९३८ मध्ये वारंवारतेचा एक आलेख प्रमाण म्हणून ठरवून दिला. फिल्मच्या कडेला प्रकाशाने उमटवलेल्या ऑप्टिकल ट्रॅकवर खरखर फार असे, म्हणून या आलेखात वरच्या पट्टीतले स्वर झपाट्याने दाबलेले होते; ८ हजार हर्ट्‌झपाशी तर आवाज सुमारे १८ डेसिबलने खाली येई. त्याने खरखर झाकली गेली, परंतु स, श, च, थ यांसारख्या व्यंजनांची धारही बोथट झाली. शब्द कळण्यासाठी स्वरांपेक्षा व्यंजनेच अधिक उपयोगी पडतात, त्यामुळे संवाद पुढे आणून, जोर देऊन ध्वनिमुद्रित करण्याची पद्धत पडली आणि हा आलेख पुढे तीन दशकांहून अधिक काळ टिकला.

परिस्थिती पालटली ती रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीमुळे. खरखर कमी करण्याचे त्यांचे तंत्र १९७० च्या दशकात चित्रपटाच्या प्रिंटपर्यंत पोहोचले आणि वरचे स्वर दाबून टाकण्याची गरज उरली नाही. जुन्या आलेखाच्या जागी ‘एक्स कर्व्ह’ नावाचा नवा आलेख आला, ज्यात २ हजार हर्ट्‌झपर्यंत आवाज सपाट राहतो आणि त्यापुढे प्रत्येक सप्तकाला साधारण ३ डेसिबलने उतरतो. त्याच्याच जोडीने पातळीही ठरली आणि पुढील सगळ्या इतिहासाची गुरुकिल्ली तीच आहे.

हे काम प्रत्यक्षात असे चालते. प्रेक्षागृहात पडद्यापासून साधारण दोन तृतीयांश अंतरावर, म्हणजे मागच्या रांगांच्या थोडे पुढे, मायक्रोफोन ठेवतात. पडद्यामागच्या भोंग्यांतून एकेक करून ‘पिंक नॉइज’ सोडतात. धो धो पावसासारखा हा सलग आवाज असतो आणि त्यात प्रत्येक सप्तकाच्या वाट्याला सारखीच ऊर्जा येते. मीटरवर प्रत्येक भोंग्याचे माप ८५ डेसिबल येईपर्यंत तंत्रज्ञ ॲम्प्लिफायर जुळवतो, आणि हे सगळे होत असताना ध्वनी-प्रोसेसरचा फेडर, म्हणजे एकूण आवाज कमी-जास्त करणारी कळ, ७ या आकड्यावर असावा लागतो. मिक्सिंगच्या खोलीतही हीच मोजणी, हाच आकडा. त्यामुळे मुंबईत मिक्स झालेला चित्रपट साताऱ्यात लावताना ऑपरेटरने फेडर ७ वर ठेवला की बाकी काही करण्याची गरज उरू नये, इतका हा संकेत साधा होता. मला तो चित्रपट-तंत्रज्ञानातील सर्वांत शहाण्या निर्णयांपैकी एक वाटतो, कारण त्याने ऑपरेटरच्या कानांवर भार टाकला नाही.

तो पाळला जाण्याचे एक कारण मात्र शिस्तीपेक्षा वेगळे होते. ऑप्टिकल ट्रॅकवर संदर्भ पातळीच्या, म्हणजे या ८५ डेसिबलच्या, वर जायला जेमतेम ६ डेसिबलच्या आसपास जागा असे. त्यापुढे गेले की आवाज फाटे. मोठ्या आवाजाचा मोह कितीही झाला तरी फिल्मच तो रोखून धरत असे.

हा बांध १९९२-९३ मध्ये फुटला. ‘बॅटमॅन रिटर्न्स’बरोबर डॉल्बी डिजिटल आणि पुढच्याच वर्षी ‘जुरासिक पार्क’बरोबर डीटीएस आले. डिजिटल ध्वनीत संदर्भ पातळीच्या वर २० डेसिबल मोकळे मिळाले, म्हणजे पडद्यामागचा एकेक भोंगा क्षणभर १०५ डेसिबलपर्यंत आणि खर्जाची स्वतंत्र वाहिनी त्याहून १० डेसिबल वर जाऊ शकत होती. ही जागा गडगडाट, गोळीबार अशा क्षणिक आघातांसाठी होती. पण मोकळी जागा मिळाली की ती भरली जाते. आधी ट्रेलरवाल्यांनी ती भरली, कारण एकापाठोपाठ लागणाऱ्या ट्रेलरमध्ये आपला उठून दिसावा ही प्रत्येक निर्मात्याची इच्छा, मग चित्रपटांनी. जुन्या चित्रपटगृहांची अडचण आणखी वेगळी होती. २० डेसिबल वाढ म्हणजे शंभर पट विद्युत्शक्ती, आणि तेवढी ताकद तिथल्या ॲम्प्लिफायरमध्ये नव्हती. आवाज फाटू लागला, आणि फाटलेला आवाज कानाला असतो त्याहून मोठा व बोचरा लागतो.

प्रेक्षकांनी तक्रार केली की व्यवस्थापक फेडर खाली ओढायला सांगतो. फेडर ७ वरून ५ वर आणला तर सगळाच आवाज साडेसहा डेसिबलहून अधिक उतरतो. गोळीबार सुसह्य होतो, पण संवादही तितकाच खाली जातो आणि वातानुकूलन यंत्राच्या घरघरीत व पॉपकॉर्नच्या कुरकुरीत बुडतो. त्यात भर म्हणजे माणसाचा कान पातळी उतरली की खर्ज अधिक वेगाने गमावतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवले होते. म्हणजे मूळ मिश्रणाचा तोलच बदलतो. पुष्कळदा फेडर खाली येतो तो ट्रेलरमुळे, आणि मुख्य चित्रपट सुरू झाल्यावर तो परत वर नेला जात नाही. प्रोजेक्शनची खोली आता बहुधा रिकामीच असते आणि खेळांची यादी संगणक चालवतो. त्या यादीत फेडर बदलण्याची आज्ञा घालता येते, पण ती घालणारा माणूस लागतोच.

डॉल्बीतील आयोन ॲलन यांनी १९९७ मध्येच या प्रश्नाची जाहीर मांडणी केली होती. चढाओढीला आवर घालण्यासाठी सरासरी पातळी मोजण्याची एक पद्धत पुढे आली, जिच्यात कानाला सर्वाधिक टोचणाऱ्या मधल्या-वरच्या पट्टीला अधिक वजन दिलेले आहे. तिच्या आधारे ट्रेलरसाठी ८५ आणि जाहिरातींसाठी ८२ डेसिबल ही कमाल मर्यादा रूढ झाली. यातली फट उघड आहे. मर्यादा सरासरीची असल्याने मध्येच शांतता ठेवून उरलेल्या वेळात कान फोडता येतात. शिवाय मुख्य चित्रपटाला अशी मर्यादा नाही. दूरचित्रवाणी आणि ओटीटीसाठी दिल्या जाणाऱ्या मिश्रणाला सरासरी पातळीचे बंधन असते, काही ठिकाणी तर ती संवादाच्या आधारे मोजली जाते. चित्रपटगृहासाठी तसे काही नाही. एखाद्या दिग्दर्शकाने संवाद संगीताखाली दाबायचे ठरवले तर तो त्याचा हक्क आहे, हे मी मानतो. पण ती निवड होती की फेडरचा परिणाम होता, हे प्रेक्षकाला कळायला आज काही मार्ग नाही.

आपल्याकडे यात आणखी एक बदल मिसळला. हिंदी-मराठी चित्रपटांचे संवाद अनेक दशके चित्रीकरणानंतर स्टुडिओत डब केले जात. मायक्रोफोन तोंडाजवळ आणि भोवती शांतता, त्यामुळे शब्द स्वच्छ येई आणि कमी पातळीवरही कळे. २००१ च्या ‘लगान’नंतर चित्रीकरणाच्या जागीच संवाद टिपण्याची पद्धत मुख्य प्रवाहात पसरली. अभिनयाच्या दृष्टीने ही मोठीच कमाई आहे. परंतु अशा संवादात कुजबुज, श्वास आणि परिसराचा आवाज येतो, आणि हा नाजूकपणा ७ वर ठेवलेल्या फेडरलाच पेलतो.

या ओढाताणीचा शेवटचा टप्पा मिक्सिंगच्या खोलीत घडला. चित्रपटगृहे ५ वर किंवा त्याच्याही खाली वाजवतात हे माहीत असल्यामुळे काही तंत्रज्ञ आता स्वतःच फेडर खाली ठेवून मिश्रण करतात, म्हणजे त्यांना ते हळू ऐकू येत असल्याने संवाद आपोआप वर उचलले जातात. त्यांचा हेतू रास्त आहे, पण त्याबरोबर बाकीचे सगळेही वर येते, आणि असा चित्रपट एखाद्या चित्रपटगृहाने नियमाला धरून ७ वर वाजवला तर तो ठरल्यापेक्षा सहा-सात डेसिबल मोठा ऐकू येतो. तक्रार मग त्याच चित्रपटगृहाकडे येते आणि तिथलाही फेडर खाली जातो.