क्राफ्ट लिग्निन आणि लिग्नोसल्फोनेट: दोन्ही पल्प मिलमधूनच येतात, पण माल वेगळा

पेपर मिलच्या बायप्रॉडक्टवर काही वाचायला घेतलं की लिग्निन हमखास भेटतं, आणि बऱ्याच लेखांत एका पॅरात काँक्रीटमध्ये घालायचं लिग्निन असतं, पुढच्याच पॅरात प्लायवूडच्या रेझिनमधलं, आणि वाचणाऱ्याला वाटतं हे सगळं एकच. तसं नाहीये. एकाचा रिसर्च दुसऱ्याला लावला तर प्रयोग पहिल्याच पायरीला फसतो, म्हणून हे नीट लिहावंसं वाटलं.

लाकडात साधारण पाव भाग लिग्निन असतं, तेच तंतूंना धरून ठेवतं. केमिकल पल्प (रसायनांनी तंतू सुटे करून केलेला कागदाचा लगदा) बनवायचा म्हणजे ते काढून टाकायचं, आणि कसं काढलं त्यावर पुढे काय हातात पडणार ते ठरतं. क्राफ्ट पद्धतीत (हिलाच सल्फेट प्रोसेस म्हणतात, सल्फाइटशी गल्लत होते ती इथूनच) लाकडाचे चिप्स कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडमध्ये १७० डिग्रीच्या आसपास शिजवतात. लिग्निनचे तुकडे पडतात आणि ते अल्कलीत विरघळतात, ते काळं द्रावण म्हणजे ब्लॅक लिकर, आणि त्यातून वेगळं काढलेलं ते क्राफ्ट लिग्निन. सल्फाइट पद्धतीत सल्फर डायऑक्साइड आणि बायसल्फाइटचं द्रावण वापरतात, तिथे लिग्निनला सल्फोनेट ग्रुप येऊन चिकटतात, म्हणजे ते चक्क मीठच बनतं (हेच लिग्नोसल्फोनेट), कॅल्शियमचं, मॅग्नेशियमचं, सोडियमचं किंवा अमोनियमचं, आणि मीठ म्हटल्यावर साध्या पाण्यात विरघळणारच.

फरक बघायचा असेल तर दोन बीकर पुरेत. दोन्हींची पावडर तपकिरीच, डोळ्यांनी काही कळत नाही. पाण्यात टाकली की लिग्नोसल्फोनेट हलवता हलवता गायब होतं आणि सगळं पाणी गडद तपकिरी होतं, क्राफ्ट लिग्निन मात्र तसंच राहतं, थोडं तरंगतं, थोडं तळाशी बसतं. आता त्यात थोडा कॉस्टिक घाला, पीएच चढला की तेही विरघळतं. मग ॲसिड घाला, परत साका धरून खाली. लिग्नोसल्फोनेटच्या बीकरमध्ये तेवढंच ॲसिड घातलं तरी साका पडत नाही. पण हा खेळ धुतलेल्या पावडरवरच करायचा, थेट ब्लॅक लिकरमध्ये ॲसिड ओतायचं नाही, कारण त्यातल्या सल्फाइडमधून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, तो जीवघेणा आहे आणि प्रमाण वाढलं की नाकाला वास येणंच बंद होतं, म्हणजे धोक्याची सूचनाही मिळत नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. जगातला बहुतेक केमिकल पल्प क्राफ्टने बनतो, तरी बाजारात विकल्या जाणाऱ्या लिग्निनमध्ये मोठा वाटा वर्षानुवर्षं लिग्नोसल्फोनेटचाच राहिलाय. कारण क्राफ्ट मिलला स्वतःचं लिग्निन स्वतःलाच लागतं. वॉशिंगमधून निघालेल्या ब्लॅक लिकरमध्ये १५ टक्क्यांच्या आसपास सॉलिड्स असतात, ते इव्हॅपोरेटरमध्ये आटवून ६५ ते ८० टक्क्यांवर नेतात आणि रिकव्हरी बॉयलरमध्ये जाळतात. त्यातून स्टीम मिळते, वीज मिळते, आणि खाली सोडियम कार्बोनेट आणि सल्फाइडचा वितळलेला रस जमतो, तो पाण्यात विरघळवून चुन्याशी रिॲक्ट केला की शिजवायचं लिकर परत तयार. म्हणून क्राफ्टचं लिग्निन 'वाया जातं' असं जे सर्रास लिहितात ते मला पटत नाही, ते मिलचं इंधन आहे.

मग काढायचं कशाला? तर बॉयलर हीच अनेकदा मिलची अडकलेली जागा असते, पल्प वाढवायचा तर लिकर जास्त होतं आणि बॉयलर ते पेलत नाही, आणि नवा बॉयलर म्हणजे प्रचंड भांडवल. थोडं लिग्निन आधीच काढून घेतलं की भार हलका होतो. स्वीडनमध्ये विकसित झालेल्या लिग्नोबूस्ट या पद्धतीत ब्लॅक लिकरमध्ये कार्बन डायऑक्साइड सोडून पीएच १० च्या आसपास आणतात, साका गाळतात, मग सल्फ्युरिक ॲसिडच्या पाण्यात कालवून परत धुतात. २०१३ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या प्लिमथच्या मिलमध्ये ते व्यापारी पातळीवर सुरू झालं. यातली मेख अशी की धुण्याचं ॲसिडवालं पाणी लिकरच्या चक्रात परत जातं, सल्फर वाढतो, मग सोडियम-सल्फरचा हिशोब सांभाळायला मिलला वेगळा खर्च येतो. रिसर्च पेपरमध्ये यील्डचा आकडा ठळक असतो, हा हिशोब बऱ्याचदा नसतो, आणि मिलवाला पहिला प्रश्न हाच विचारतो.

सल्फाइटवाल्यांची गोष्ट उलटी. जुन्या कॅल्शियम बेसच्या मिलमध्ये केमिकल परत मिळवणं जमतच नव्हतं, लिकर नद्यांत जायचं, मासे मरायचे. त्याचं काहीतरी करावंच लागणार होतं म्हणून उपयोग शोधले गेले आणि खूप निघाले: काँक्रीटला प्रवाही करणारं ॲडमिक्श्चर, जनावरांच्या खाद्याच्या पेलेटचा बाइंडर, कच्च्या रस्त्यावर धूळ बसवायला, रंगांचं डिस्पर्शन, लेड-ॲसिड बॅटरीची निगेटिव्ह प्लेट. नॉर्वेत सार्प्सबोर्गला बोरेगार्ड कंपनी यातूनच व्हॅनिलिन बनवते. काँक्रीटसाठी घेताना एक पाहावं लागतं, लिकरमध्ये लाकडाच्या साखरा असतात आणि साखर सिमेंटचं सेटिंग लांबवते, म्हणून त्या आंबवून इथेनॉल काढून घेणं हा जुना आणि चांगला उपाय.

क्राफ्ट लिग्निनची जागा मुख्यतः साध्या पाण्यात विरघळण्याची गरज नसते तिथे: प्लायवूडच्या रेझिनमध्ये फिनॉलचा काही भाग बदलायला, इंधन म्हणून, आणि कार्बन मटेरियलसाठी.

अजून एक गुंता आहे, क्राफ्ट लिग्निनला नंतर वेगळं सल्फोनेट करून विकतात, तेही पाण्यात विरघळतं, त्यामुळे नुसती विद्राव्यता बघून मूळ ओळखता येत नाही. सॅम्पल मागवताना लाकूड कुठलं, कुकिंग कुठलं, सल्फर किती आणि साखरा किती हे चारही लेखी मागून घ्या.