चष्म्याला सिलिंडरचा नंबर असला तरी लेसर होतं

"तुझ्या चष्म्याला सिलिंडर आहे ना, मग नंबर घालवायच्या लेसरचा उपयोग नाही." हे ऐकून कितीतरी मुलंमुली साध्या तपासणीलाही जात नाहीत, याचं फार वाईट वाटतं. समजाचं मूळ जुनं असावं: अमेरिकेत 1995 मध्ये एक्सायमर लेसरला (नंबर घालवायला वापरतात तो) पहिली मंजुरी मिळाली, ती फक्त मायनस नंबरासाठी. सिलिंडरसाठीची मंजुरी नंतर आली. पण तीही गेल्या शतकातच!

मायनस नंबरात कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, मधोमध सपाट करतात. सिलिंडर म्हणजे कॉर्नियाचा बाक एका दिशेला जास्त. तेव्हा लेसर सगळीकडे सारखा न चालवता ठरावीक अक्षानुसार कमीजास्त चालवतात. खरी कसोटी या अक्षाची. माणूस आडवा झाला की डोळा खोबणीत किंचित फिरतो. अक्ष 10 अंशांनी चुकला, तर सुधारणा साधारण एक तृतीयांशाने घटते. म्हणून रुग्ण बसलेला असतानाच डोळ्यावर खूण करतात, किंवा यंत्र बुबुळाची नक्षी ओळखून अक्ष जुळवतं.

मोठा सिलिंडर असेल तर थोडा नंबर उरू शकतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगायला हवं. काही महिने कोरडेपणा, रात्री दिव्यांभोवती वलयं, हेही. नकार द्यावा लागतो तो वेगळ्या कारणाने: कॉर्निया पातळ असेल किंवा केराटोकोनस (कॉर्निया पातळ होत शंकूसारखा पुढे येण्याचा आजार) असेल तर. सिलिंडर दरवर्षी वाढत असेल, तर याच आजाराची शंका म्हणून कॉर्नियाचा नकाशा काढून घ्याच. आणि चाळिशीचा वाचायचा चष्मा लेसरनंतरही लागतो.