गूढ, गुह्य आणि घारापुरीचं चौथं मुख

गेल्या हिवाळ्यात घारापुरीच्या मोठ्या लेण्यात उभा होतो. शेजारी एका शाळेची सहल आली होती. तीन पुरुष उंचीच्या सदाशिवाकडे मान वर करून बघत एका मुलानं विचारलं, "बाई, याला किती तोंडं?" बाई म्हणाल्या, "पाच. तीन दिसतात. चौथं मागं, खडकात आहे असं मानायचं, आणि पाचवं वर. ती दोन गूढ आहेत."

बाईंनी शब्द अगदी नेमका वापरला होता. आपण ‘गूढ’ म्हणतो तेव्हा अगम्य, अनाकलनीय, थोडं भीतीदायक असं काहीतरी मनात असतं. शब्दाचा मूळ अर्थ मात्र फार साधा आहे: झाकलेलं.

संस्कृतात ‘गुह्’ हा धातू आहे. अर्थ झाकणं, लपवणं. धातूला ‘त’ प्रत्यय लागला की क्रिया होऊन गेल्याचं कळतं: कृ–कृत, मृ–मृत, श्रु–श्रुत. त्या चालीनं ‘गुह्त’ व्हायला हवं होतं, झालं ‘गूढ’. पाणिनीनं ही वाट पायरीपायरीनं दाखवली आहे. ‘हो ढः’ या सूत्रानं ‘ह’चा ‘ढ’ होतो. त्याच्या शेजारामुळे पुढच्या ‘त’चा ‘ध’ आणि मग ‘ढ’ होतो. दोन ‘ढ’ एकापुढे एक आले की ‘ढो ढे लोपः’, म्हणजे पहिला गळतो, आणि तो गळाल्याची भरपाई म्हणून मागचा ऱ्हस्व स्वर दीर्घ होतो. ‘गु’चा ‘गू’ झाला तो असा. रुह्–रूढ, लिह्–लीढ, मुह्–मूढ, सगळे याच वाटेनं आले. शाळेत ‘गूढ’मधला ऊकार ऱ्हस्व काढला म्हणून ज्यांचे गुण गेले असतील, त्यांना कुणी सांगितलं नसेल की तो दीर्घ ऊकार गळून गेलेल्या एका अक्षराची खूण आहे. ‘गूढ’ या शब्दाच्या पोटातच एक ‘ढ’ झाकलेला आहे!

(मुह् धातूची दोन रूपं होतात, ‘मूढ’ आणि ‘मुग्ध’. भ्रमात पडलेला आणि मोहून गेलेला हे दोघे मुळात सख्खे भाऊ. मला हे नातं फार आवडतं.)

शब्द असे लहरीनं बदलत नाहीत, नियमानं बदलतात. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ मध्ये मुंबईत विल्सन व्याख्यानं दिली. संस्कृतापासून प्राकृतं आणि त्यांतून आजच्या भाषा कोणत्या नियमांनी घडल्या, हे त्यांनी तिथं उलगडून दाखवलं. शब्दांची व्युत्पत्ती ही नुसत्या अंदाजाची गोष्ट उरत नाही, ती या नियमांमुळे. एका शब्दात ‘ह’चं जे झालं, ते तशाच दुसऱ्या शब्दातही दिसायला लागतं. दिसलं नाही, तर व्युत्पत्ती चुकली.

‘गूढ’चं सगळ्यात जुनं रूप तर मराठी माणसाला आपलंच वाटेल. ऋग्वेदाच्या उच्चारात दोन स्वरांच्या मधला ‘ढ’ हा ‘ळ्ह’ होतो. त्यामुळे नासदीय सूक्तात ओळ येते ती अशी: ‘तम आसीत् तमसा गूळ्हमग्रे’. आरंभी अंधार होता, अंधारानंच झाकलेला. पुढच्या संस्कृतानं हा ‘ळ’ टाकून दिला. आपण तो रोज बोलतो.

‘गूढ’ आणि ‘गुह्य’ हे शब्द आपण अदलाबदल करून वापरतो, पण व्याकरण त्यांत फरक करतं. ‘य’ प्रत्ययात ‘करण्याजोगं, करायला हवं’ असा भाव असतो: पेय, वंद्य, त्याज्य. म्हणून गूढ म्हणजे झाकलेलं, आणि गुह्य म्हणजे झाकून ठेवायचं. पहिला शब्द नुसती स्थिती सांगतो. दुसऱ्यात आज्ञा आहे, आणि आज्ञा म्हटली की कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही हा प्रश्न आलाच. गीतेचा नववा अध्याय ‘राजगुह्य’ सांगतो, तेही ‘असूया नसलेल्या तुला’ असं म्हणून. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी ते राजगुह्य बाजारहाटाच्या, जात्यावरच्या भाषेत आणलं. ‘गुह्य’मधली आज्ञा लक्षात घेतली तर या कृतीचं धाडस कळतं. मराठीच्या इतिहासात मला याहून मोठी घटना दिसत नाही.

याच धातूचं तिसरं लेकरू ‘गुहा’, लपायची जागा. कठोपनिषद एका ओळीत दोघांना एकत्र आणतं: ‘तं दुर्दर्शं गूढमनुप्रविष्टं गुहाहितं गह्वरेष्ठं पुराणम्’. दिसायला कठीण, झाकलेला, गुहेत ठेवलेला. ही गुहा हृदयातली. पण मुंबईत राहणाऱ्याला खडकातली गुहा दूर नाही: कान्हेरी, महाकाली, जोगेश्वरी, मंडपेश्वर, आणि खाडीपलीकडे घारापुरी. आपण त्यांना ‘लेणी’ म्हणतो, तो शब्दही कान्हेरीच्या प्राकृत शिलालेखांत ‘लेण’ म्हणून कोरलेला आहे. तो ‘लयन’पासून आला, धातू ‘ली’: चिकटणं, विसावणं, विरून जाणं. लीन, तल्लीन, विलीन हे त्याचेच सोयरे.

आता थोडं पश्चिमेला जाऊ. इराणी भाषा संस्कृतच्या बहिणी. संस्कृतातल्या काही ‘ह’च्या जागी पारशांच्या धर्मग्रंथाच्या, म्हणजे अवेस्तेच्या, भाषेत ‘झ’ असतो आणि इराणचा सम्राट दारयवहु (डरायस) याच्या काळच्या जुन्या फारसीत ‘द’. संस्कृत ‘हस्त’, अवेस्तेत ‘झस्त’, फारसीत ‘दस्त’. घर घेताना आपण दस्तनोंदणीला जातो, तो ‘दस्तऐवज’मधला ‘दस्त’ म्हणजे हातच. याच नियमानं ‘गुह्’ला अवेस्तेत ‘गुझ’ मिळतो. मुंबईच्या अग्याऱ्यांत आजही जी भाषा पठणात ऐकू येते, त्या भाषेत आपल्या ‘गूढ’चा भाऊ आहे.

जुन्या फारसीतलं रूप इराणातल्या बेहिस्तूनच्या कड्यावर कोरलेलं आहे. तिथं सम्राट दारयवहु इसवी सनापूर्वी ५२०च्या सुमारास वाचणाऱ्याला बजावतो: ‘मा अपगौदय’, लपवू नकोस. जो हा लेख लोकांना सांगेल त्याचं देव अहुरमझ्द भलं करो, लपवेल त्याचा नाश करो! ज्या धातूतून आपल्याकडे ‘झाकून ठेव’ म्हणणारा ‘गुह्य’ निघाला, त्याच धातूनं तिथं ‘झाकू नकोस’ म्हटलं. हा लेख उलगडून वाचणारा इंग्रज हेन्री रॉलिन्सन १८२७ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ईस्ट इंडिया कंपनीचा कॅडेट म्हणून मुंबईला उतरला होता. त्याच जहाजावर मुंबईचा नियोजित गव्हर्नर जॉन माल्कम होता, आणि इराणची गोडी त्यानंच या पोराला लावली.

‘रहस्य’चं कूळ निराळं. ‘रह्’ म्हणजे सोडणं, वेगळं होणं. त्यातून ‘रहस्’, एकांत. आणि एकांतात सांगायचं ते रहस्य. विरह आणि रहित हे त्याच घरचे. म्हणजे इथं झाकण नाही, फक्त चार पावलं बाजूला जाणं आहे. या ‘रहस्’चा इराणी जोडीदार ‘रझह्’, आणि त्याच्यापासून फारसीत झाला ‘राज’, ‘जहाज’मधल्या ‘ज’चा. हिंदी सिनेमात नायिका ‘राज की बात’ सांगते, तेव्हा ती ‘रहस्य’च म्हणत असते, दोन हजारांहून जास्त वर्षं दुसऱ्या वाटेनं फिरून आलेलं.

हा ‘राज’ अरामी भाषेत गेला आणि बायबलमधल्या दानिएलच्या पुस्तकात ‘राझ’ म्हणून आला, राजाच्या स्वप्नाचं रहस्य. त्याचं ग्रीक भाषांतर करताना शब्द योजला ‘मुस्तेरिओन’. इंग्रजीतली ‘मिस्टरी’ आणि ‘मिस्टिक’ तिथूनच. मूळ क्रियापद ‘मुओ’, मिटणं: ओठ किंवा डोळे. एल्युसिसच्या ग्रीक दीक्षाविधीत ज्यांनी भाग घेतला त्यांनी ओठ इतके घट्ट मिटले की आत नेमकं काय दाखवत, ते आजवर कुणाला कळलेलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांचा ‘मायोपिया’ही याच ‘मुओ’चा: लांबचं दिसत नाही म्हणून माणूस डोळे बारीक करतो. गीतेतला ‘मौनं चैवास्मि गुह्यानाम्’ हा चरण मला इथं हटकून आठवतो. गुह्यांमध्ये मी मौन आहे.

‘गुप्त’ आणि ‘गुपित’ यांची गोष्ट तर गोठ्यातली. ‘गोपा’ म्हणजे गाई राखणारा. त्यावरून ‘गोपायति’, राखतो, आणि त्यातून मागाहून ‘गुप्’ हा धातू वेगळा काढला गेला. राखलेलं ते गुप्त.

झाकणं, बाजूला जाणं, ओठ मिटणं, गाई राखणं. यांतलं एकही काम माणसाच्या हाताबाहेरचं नाही, म्हणून ‘गूढ’ला ‘अगम्य’चा समानार्थी करणं मला पटत नाही. झाकलेलं म्हटलं की झाकणाखाली काहीतरी आहे हे आलंच. वर्तमानपत्रं ‘मृत्यूचे गूढ उकलले’ असं छापतात, ते व्युत्पत्तीला धरूनच आहे. अगम्य कधी उकलत नाही.

घारापुरीला तीन मुखं दिसतात आणि चौथं खडकात. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या १६४व्या सूक्तात हा हिशेब उलटा आहे. वाणीची चार पदं मोजलेली आहेत, मंत्र म्हणतो. ‘गुहा त्रीणि निहिता’, तीन गुहेत ठेवलेली, ती हलत नाहीत. चौथं माणसं बोलतात. या सूक्ताच्या द्रष्ट्याचं नाव दीर्घतमस्, लांबच लांब अंधार.