नळीने जेवण चालू आहे, मग तोंड कशाला धुवायचं?

आमच्या रुग्णसेवा ब्युरोकडे सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार अशी : "तुमच्या मावशी सकाळची वीस मिनिटं आईच्या तोंडातच घालवतात. ती नळीनं जेवते, तोंड खरकटं होतंच कुठे?"

खरकटं होत नाही, पण घाण होतं. चावणं थांबलं की लाळ आटते, जीभ फिरत नाही, पेशंट तोंड उघडं टाकून श्वास घेतो. दातांवर, जिभेवर, टाळ्यावर चिकट थर बसतो आणि त्यात जंतू वाढतात. झोपेत थोडी लाळ श्वासनलिकेत आपल्या सगळ्यांच्याच जाते. धडधाकट माणसाला ठसका लागतो, काम भागतं. अर्धांगवायू झालेल्या पेशंटला पुष्कळदा ठसकाच लागत नाही. मग तीच जंतूंनी भरलेली लाळ फुफ्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होतो. नळीमुळे अन्न पोटात पोचतं, लाळ काही नळीतून जात नाही.

"दातच नाहीत, घासायचं काय?" हेही विचारतात. जपानमधल्या 11 वृद्धाश्रमांत दोन वर्षं पाहणी झाली, 1999 साली ती प्रसिद्ध झाली. ज्यांचं तोंड काळजीवाहक रोज जेवणानंतर साफ करत, त्यांच्यात न्यूमोनिया झाला 11 टक्क्यांना. बाकीच्यांत 19 टक्क्यांना. दात नसलेल्यांनाही फायदा दिसला. तोंड धुतलं की न्यूमोनिया होणारच नाही, असं आम्ही कोणालाच सांगत नाही. पण वीस मिनिटांत एवढं पदरात पडत असेल तर ती आम्ही सोडणार नाही.

आता आमचा खरा खोळंबा. मावशी आठला येतात आणि घरच्यांनी "तेवढंच काम कमी" म्हणून पावणेआठला फीड देऊन ठेवलेलं असतं. भरल्या पोटी घशाशी ब्रश गेला की उमासा येतो, उलटी होते, आणि ज्याला टाळायचं तेच श्वासनलिकेत जातं. म्हणून मावशींना तासभर थांबावं लागतं. स्पंजिंग, चादर, फिजिओथेरपी सगळं मागे सरकतं, आणि दुपारी फोन येतो की काम उरकत नाही. कृपया सकाळचं पहिलं फीड मावशींनी तोंड साफ केल्यावरच द्या. आधी देणं भागच पडलं तर वेळ कागदावर लिहून ठेवा.

दुसरं, नुसतं बोरोग्लिसरीन (तोंडात लावायचं पातळ औषध) फिरवून आठ-आठ दिवस काढू नका. थर निघत नाही, वर चकाकी येते. मग टाळ्याला तपकिरी पापुद्रा धरतो. तो ओढला तर रक्त येतं. ओल्या गॉझने भिजवत भिजवत काढायला आम्हाला दोन-तीन दिवस लागतात.

आमची पद्धत साधी आहे. पलंगाचं डोकं उंच, मान एका कुशीला, गालाखाली टॉवेल. लहान मुलांचा मऊ ब्रश, तो नुसता ओला. पेस्ट वाटाण्याएवढीसुद्धा नको. फेस झाला की तो गिळला जातो. वाटीने तोंडात पाणी कधीच ओतायचं नाही. शेवटी बोटाला गुंडाळलेल्या गॉझने गालाच्या आतून पुसून घ्यायचं (कापूस नको, तंतू सुटतात) आणि ओठांना व्हॅसलिन. कवळी असेल तर रात्री काढून, घासून, पाण्यात. माउथवॉश डॉक्टरांनी सांगितला तर जरूर, पण त्यामुळे ब्रश सुटत नाही.

म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनियात ताप येईलच असं नाही. एकाएकी गुंगी वाढली, श्वास भराभर चालू लागला किंवा छातीत घरघर ऐकू आली, तर मावशींची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा.

नवीन पेशंटकडे पहिल्या आठवड्यात आमच्या सिस्टर एकदा येऊन हे सगळं घरच्यांसमोर करून दाखवतात. त्याचे वेगळे पैसे नाहीत. लाळ फार साचत असेल तर सक्शन मशीन भाड्याने मिळतं, पण डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तरच आम्ही ते देतो. सिस्टर येतील त्या दिवशी घरात दोन मऊ ब्रश, गॉझचं पाकीट आणि एक छोटी टॉर्च एवढं असू द्या. मोबाईलच्या उजेडात टाळा नीट दिसत नाही.